दोन पासपोर्ट आणि तिसऱ्या देशातली कंपनी: गुंतवणूक लवादात राष्ट्रीयत्व कोणतं धरतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका उद्योजकाकडे दोन देशांचं नागरिकत्व आहे. त्यातला एक देश म्हणजे जिथे त्याने पैसा गुंतवला तोच. प्रकल्पाचे शेअर्स तिसऱ्या देशात नोंदलेल्या होल्डिंग कंपनीच्या नावावर आहेत. सरकारने परवाना रद्द केला. मग दावा कोणाच्या नावाने आणि कोणत्या दोन देशांमधल्या गुंतवणूक करारावर करायचा? आणि होल्डिंग कंपनीच्या देशाचा यजमान देशाशी, म्हणजे जिथे पैसा गुंतवला त्या देशाशी, करार नसेल, तर करार असलेल्या देशात आता नवी कंपनी काढून शेअर्स तिच्याकडे वळवले तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घाईत चूक होते ती तिथेच. परवाना रद्द झाल्यावर शेअर्स वळवून त्याच रद्द करण्याबद्दल दावा केला, तर तो जवळपास नक्कीच फेटाळला जाईल, आणि वर सरकारचा वकिलांचा खर्चही अंगावर येऊ शकतो. बाकीच्या प्रश्नांना एका ओळीत उत्तर नाही. ते करारातल्या शब्दांवर आणि तारखांवर अवलंबून आहे.

राष्ट्रीयत्वाला इथे एवढं महत्त्व का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. पूर्वी परदेशात कोणाचं नुकसान झालं, तर त्याला स्वतः त्या सरकारला आंतरराष्ट्रीय मंचावर खेचता येत नसे. त्याच्या देशाने प्रकरण हाती घेतलं तरच काही होई. मग तो खरंच त्या देशाचा आहे का, हा पहिला वाद. १९५५ मध्ये नोटेबोम प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लिख्टेनश्टाइनचा दावा ऐकायलाच नकार दिला. नोटेबोम मूळचा जर्मन, आयुष्याची कितीतरी वर्षं ग्वाटेमालात राहिलेला. लिख्टेनश्टाइनचं नागरिकत्व त्याने १९३९ मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर मिळवलं होतं. त्या देशाशी त्याचं खरं नातं नाही, असं न्यायालय म्हणालं. १९७० मध्ये बार्सिलोना ट्रॅक्शन प्रकरण आलं. कंपनी कॅनडात नोंदलेली, बहुतेक भागधारक बेल्जियन, नुकसान स्पेनमध्ये. बेल्जियमला दावा करता येणार नाही, कारण कंपनी जिथे नोंदली त्या देशाची, असा निकाल लागला. म्हणजे माणसाच्या बाबतीत खरं नातं बघितलं आणि कंपनीच्या बाबतीत नोंदणीचा कागद. ही दोन टोकं आजही गुंतवणूक लवादात एकमेकांशी भांडत असतात.

आता गुंतवणूकदार स्वतःच सरकारवर दावा करू शकतो. पण तो हक्क दोन देशांमधल्या करारातून येतो, आणि करार सांगतो की हे संरक्षण ‘दुसऱ्या देशाच्या’ गुंतवणूकदारांना आहे. तुम्ही त्या व्याख्येत बसला नाहीत, तर परवाना कितीही अन्यायाने रद्द झालेला असो, लवादमंडळ, म्हणजे वाद ऐकण्यासाठी नेमलेले पंच, त्या अन्यायापर्यंत पोचतच नाही. प्रकरण उंबऱ्यावरच संपतं.

आधी माणसांबद्दल. बरेच दावे जागतिक बँकेच्या छत्राखालच्या इक्सिड या संस्थेकडे जातात. तिच्या १९६५ च्या कराराचं कलम २५ दोन तारखा बघतं: लवादाला संमती दिली ती तारीख आणि विनंती नोंदवली गेली ती तारीख. या दोन्ही दिवशी तुम्ही करारातल्या दुसऱ्या देशाचे नागरिक हवेत, आणि दोन्हींपैकी एकाही दिवशी यजमान देशाचे नागरिक असता कामा नये. दुसऱ्या अटीला सूट नाही. यजमान सरकारने होकार दिला तरी ती माफ होत नाही.

चॅम्पियन ट्रेडिंग विरुद्ध इजिप्त हे प्रकरण त्यासाठी वाचावं. दावेदारांमध्ये अमेरिकेत जन्मलेले तीन भाऊ होते. वडील इजिप्शियन, म्हणून इजिप्तच्या कायद्याने त्यांना जन्मतःच इजिप्तचंही नागरिकत्व मिळालेलं. आमचं इजिप्तशी खरं नातं अमेरिकेएवढं नाही, हा त्यांचा युक्तिवाद २००३ मध्ये चालला नाही. कलमात खऱ्या नात्याचा उल्लेखच नाही, शिवाय गुंतवणुकीच्या कागदांवर त्यांनी इजिप्तचं नागरिकत्व वापरलंही होतं. भाऊ बाहेर गेले, पण त्यांच्या अमेरिकन कंपन्यांचा दावा पुढे चालला. तुमच्या प्रश्नातल्या उद्योजकासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे: माणसाला बंद असलेला दरवाजा त्याच्याच कंपनीला उघडा असू शकतो.

नागरिकत्वाचा दाखला हातात आहे म्हणजे विषय संपला, असंही समजू नका. सुफ्राकी विरुद्ध संयुक्त अरब अमिरात (२००४) प्रकरणात दावेदाराकडे इटलीचे पासपोर्ट होते, इटलीच्या अधिकाऱ्यांचे दाखले होते, परराष्ट्र खात्याचं पत्रही होतं. तरी लवादमंडळाने स्वतः इटलीचा कायदा उघडून बघितला. १९९१ मध्ये कॅनडाचं नागरिकत्व घेऊन तो तिथे राहायला गेला होता, आणि तेव्हाच्या इटालियन कायद्याने त्याचं मूळ नागरिकत्व आपोआप गेलं होतं. नंतर इटलीत वर्षभर राहून ते परत मिळवता आलं असतं, पण तेवढा मुक्काम तो सिद्ध करू शकला नाही. दावा संपला. निकालात लवादमंडळाने एक वाक्य जाता जाता लिहिलं आहे: अमिरातशी केलेला करार त्याने स्वतःच्या नावाऐवजी इटलीत नोंदलेल्या कंपनीमार्फत केला असता, तर अधिकारक्षेत्राचा प्रश्नच उद्भवला नसता. माझ्या मते त्या निकालातलं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच.

याची उलट बाजू सियाग विरुद्ध इजिप्त प्रकरणात दिसते. इजिप्तमधल्या ताबा नावाच्या ठिकाणी किनाऱ्यावरची जमीन घेतली तेव्हा दावेदार इजिप्शियनच होता. पुढे त्याने लेबननचं नागरिकत्व घेतलं, इजिप्तचं टिकवायचं असल्याचं मुदतीत कळवलं नाही, आणि इजिप्तच्याच कायद्याने ते गेलं. मग इटलीचं मिळालं. इजिप्तने बरीच खटपट केली, पण बहुमताने अधिकारक्षेत्र मान्य झालं आणि २००९ मध्ये सात कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा झाला. एका सदस्याने असहमती नोंदवली, आणि तिच्यात दम आहे असं मला वाटतं. देशाच्या नागरिकाने देशात केलेली गुंतवणूक पुढे परदेशी ठरावी, हे करार करताना कोणाच्या मनात असेल का? पण मनात काय होतं यापेक्षा कागदावर काय आहे, हे इथे जास्त चालतं.

हे सगळं इक्सिडपुरतं. दावा अन्सिट्रलच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या, नियमांखाली केला, तर कलम २५ ची ती बंदी लागूच होत नाही, आणि दुहेरी नागरिकाबद्दल गुंतवणूक करार काय म्हणतो तेवढंच उरतं. जुने करार बहुधा गप्प असतात. ती शांतता कोणी कशी वाचायची, यावर एकमत नाही. गार्सिया आर्मास कुटुंबातल्या स्पेन आणि व्हेनेझुएलाचं नागरिकत्व असलेल्या दोघांचा व्हेनेझुएलाविरुद्धचा दावा २०१४ मध्ये लवादमंडळाने ऐकायचं ठरवलं. करारात दुहेरी नागरिकांना मनाई नाही, मग आम्ही ती घालायची कशी, हा त्यांचा तर्क. पाच वर्षांनी त्याच कुटुंबातल्या इतरांचा त्याच करारावरचा दावा दुसऱ्या लवादमंडळाने फेटाळला. त्यांचं वजनदार नागरिकत्व, म्हणजे ज्या देशाशी नातं जास्त घट्ट त्याचं, व्हेनेझुएलाचंच आहे, असं ते मंडळ म्हणालं. हा वजनदार नागरिकत्वाचा निकष इराण आणि अमेरिका यांच्यातल्या हेगमधल्या न्यायाधिकरणाने १९८४ मध्ये ठरवून दिलेला. मध्य अमेरिकेच्या व्यापार करारासारख्या नव्या करारांत तो थेट लिहिलेला असतो. त्याच करारावर बॅलंटाइन विरुद्ध डॉमिनिकन रिपब्लिक हा दावा २०१९ मध्ये बुडाला. ते जोडपं अमेरिकन होतं, पण प्रकल्पासाठी तिथलं नागरिकत्व घेऊन तिथेच स्थायिक झालं होतं. सोयीसाठी घेतलेला दुसरा पासपोर्ट असा आडवा येतो. रेसिडेन्सी परमिटने काम भागत असेल, तर यजमान देशाचं नागरिकत्व घेऊ नका, असं मी गुंतवणूकदारांना सांगतो.

आता कंपन्या. इथे माणसांपेक्षा खूप मोकळीक आहे, आणि सगळी चलाखीही इथेच चालते. बहुतेक करार म्हणतात, आमच्या कायद्याने स्थापन झालेली कंपनी ती आमची. काही ठिकाणी मुख्य कार्यालय तिथे असावं, किंवा खरा व्यवसाय तिथे चालावा अशी भर असते. ती भर नसेल तर मालक कोण हे लवादमंडळाने बघायचं का?

टोकिओस टोकेलेस विरुद्ध युक्रेन (२००४) प्रकरणात कंपनी लिथुआनियाची आणि दावा युक्रेनवर. पण कंपनीचे ९९ टक्के शेअर्स युक्रेनियन नागरिकांकडेच होते. म्हणजे युक्रेनियन पैसा लिथुआनियातून फिरून घरी आलेला. बहुमत म्हणालं, करारात मालकीची अट नाही, आम्ही ती घालणार नाही. कंपनी कराराच्या आधीपासूनची होती, वादासाठी काढलेली नव्हती, हाही मुद्दा होता. लवादमंडळाचे अध्यक्ष प्रोस्पेर वाइल यांना हे इतकं पटलं नाही की त्यांनी असहमती लिहून राजीनामा दिला. इक्सिड हे परदेशी गुंतवणूकदारांसाठी आहे, स्वदेशी लोकांनी स्वतःच्या सरकारवर दावा करायचं ठिकाण नव्हे, असं त्यांचं म्हणणं. तत्त्व म्हणून वाइल बरोबर होते असं मला वाटतं. तरीही निकाल मला बहुमताचाच योग्य वाटतो, कारण करार लिहिताना सरकारांच्या हातात पेन होतं आणि त्यांनी ही अट लिहिली नाही. सालुका विरुद्ध चेक प्रजासत्ताक (२००६) या प्रकरणातही हाच सूर आहे. नेदरलँड्समधली ती कंपनी एका जपानी बँक समूहाने शेअर्स ठेवण्यासाठी काढली होती. अशा कवचकंपन्यांबद्दल लवादमंडळाला सहानुभूती नव्हती, पण व्याख्या बदलायची त्यांची तयारीही नव्हती.

एका जागी मात्र नोंदणीचा पडदा बाजूला सारून मागचा मालक बघितला जातो. प्रकल्पकंपनी यजमान देशातच नोंदलेली असेल, तर तिने आपल्याच सरकारवर दावा कसा करायचा? कलम २५ ने त्यासाठी एक वाट ठेवली आहे: परदेशी नियंत्रणामुळे तिला परदेशी मानायचं, असं दोन्ही बाजूंनी ठरवलं असेल तर चालतं. पण मग ते नियंत्रण खरोखर परदेशी हवं. टीएसए स्पेक्ट्रम विरुद्ध अर्जेंटिना (२००८) प्रकरणात अर्जेंटिनातल्या कंपनीची मालक डच कंपनी होती, आणि त्या डच कंपनीमागे शेवटी अर्जेंटिनाचाच नागरिक निघाला. दावा तिथेच संपला. टोकिओसच्या अगदी उलट, पण विसंगत नाही. टोकिओसमध्ये प्रश्न नोंदणीचा होता, इथे नियंत्रणाचा.

मग तारखा. या सगळ्या विषयात लवादमंडळांचं सर्वाधिक एकमत कशावर असेल तर यावर: भविष्यातल्या धोक्यापासून संरक्षण मिळावं म्हणून आधीच चांगला करार असलेल्या देशातून गुंतवणूक रचणं वैध आहे, पण वाद पेटल्यावर तसं करणं गैरवापर आहे. मोबिल विरुद्ध व्हेनेझुएला (२०१०) प्रकरणात दोन्ही बाजू एकाच निकालात दिसतात. २००५-०६ मध्ये कंपनीने मालकीच्या साखळीत डच कंपनी घातली आणि २००७ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. राष्ट्रीयीकरणाबद्दलचा दावा चालला. रॉयल्टी आणि करवाढीचा वाद मात्र डच कंपनी येण्याआधीच सुरू झाला होता. तो वगळला गेला.

फीनिक्स ॲक्शन विरुद्ध चेक प्रजासत्ताक (२००९) तर इतकं उघड होतं की वाचताना अवघडल्यासारखं होतं. एका चेक नागरिकाच्या दोन कंपन्या सरकारशी आधीच भांडत होत्या. तो इस्राएलला गेला, तिथे कंपनी काढली, तिने त्या दोन्ही कंपन्या विकत घेतल्या, आणि लगेचच वादाची नोटीस गेली. धंदा करायचा हेतूच दिसत नव्हता.

फिलिप मॉरिस विरुद्ध ऑस्ट्रेलिया हे जास्त बारकाईचं प्रकरण. सिगारेटच्या साध्या, ब्रँडचं चिन्ह नसलेल्या पाकिटांचं धोरण सरकारने एप्रिल २०१० मध्ये जाहीर केलं. समूहाने ऑस्ट्रेलियन कंपनीची मालकी फेब्रुवारी २०११ मध्ये हाँगकाँगमधल्या कंपनीकडे दिली. कायदा २०११ च्या अखेरीस झाला. कागदावर बघितलं तर मालकी बदलली तेव्हा कायदा अस्तित्वातच नव्हता. तरी डिसेंबर २०१५ मध्ये दावा अग्राह्य ठरला, कारण तो वाद येणार हे तोवर स्पष्ट दिसत होतं, आणि मालकी हलवण्याचं मुख्य कारणही तोच होता. म्हणजे सीमारेषा सरकारने प्रत्यक्ष पाऊल उचलण्याची नाही, ते पाऊल दिसू लागण्याची आहे. संचालक मंडळाची इतिवृत्तं आणि अंतर्गत ईमेल अशा वेळी पुराव्यात मागवले जातात, हे लक्षात ठेवा. ‘करासाठी रचना बदलली’ म्हणायचं असेल, तर त्या वेळच्या कागदात तसं दिसायला हवं.

कवचकंपनीविरुद्ध सरकारांनी स्वतःच एक कलम घालायला सुरुवात केली: कंपनीचा तिच्या देशात खरा व्यवसाय नसेल आणि मालक बाहेरचे असतील, तर यजमान सरकार कराराचे लाभ नाकारू शकतं. सरकारने ते कधी वापरायचं, यावर घोळ आहे. प्लामा विरुद्ध बल्गेरिया (२००५) म्हणतं, नकार पुढच्या काळासाठीच लागू होतो. ऊर्जा क्षेत्रातल्या गुंतवणुकीच्या बहुराष्ट्रीय एनर्जी चार्टर करारावर हाच विचार टिकला, आणि युकोस या रशियन तेल कंपनीच्या भागधारकांना रशियाविरुद्ध त्याचा फायदा झाला. पण पॅसिफिक रिम विरुद्ध एल साल्व्हादोर (२०१२) प्रकरणात सरकारने दावा दाखल झाल्यावर नकार दिला, तरी तो ग्राह्य धरला आणि मध्य अमेरिकेच्या व्यापार करारावरचा दावा पडला. त्यामुळे तुमच्या होल्डिंग कंपनीच्या करारात हे कलम आहे का, ते पहिल्याच दिवशी बघा. असेल, तर त्या देशात ऑफिस, कर्मचारी, बँक व्यवहार, तिथे घेतलेले निर्णय यांचे कागद लागतील. फक्त पत्रपेटी असेल तर कठीण आहे. नेदरलँड्सचे जुने करार सैलपणासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्याही २०१९ च्या नमुना करारात आता भरीव व्यवसायाची अट आली आहे. भारताच्या नमुना करारातही ती आहे.

साखळीतल्या दोघांनी आपापल्या करारावर वेगवेगळे दावे करायचे का? याचं क्लासिक उदाहरण चेक प्रजासत्ताकातल्या टीव्ही नोव्हा वाहिनीचं. अमेरिकन गुंतवणूकदार रोनाल्ड लॉडर यांनी अमेरिकेच्या करारावर लंडनमध्ये दावा केला, आणि त्यांच्या नियंत्रणातल्या सीएमई या डच कंपनीने नेदरलँड्सच्या करारावर स्टॉकहोममध्ये. वाद एकच, तथ्यं एकच. ३ सप्टेंबर २००१ ला लंडनच्या लवादमंडळाने काहीही भरपाई दिली नाही. १३ सप्टेंबरला स्टॉकहोमच्या मंडळाने सरकारला जबाबदार धरलं, आणि पुढे व्याजासह सुमारे ३५ कोटी डॉलर मोजावे लागले. दहा दिवसांत दोन निकाल, एकमेकांच्या तोंडावर. भारताविरुद्धच्या देवास प्रकरणातही एका रद्द झालेल्या उपग्रह करारावरून देवास या भारतीय कंपनीने व्यापारी लवाद लढवला, मॉरिशसच्या भागधारकांनी मॉरिशसच्या करारावर आणि जर्मन भागधारकाने जर्मनीच्या करारावर. पण एकाच समूहाने साखळीतल्या प्रत्येक कडीतून तोच दावा करायचा काळ आता सरला आहे. ओरासकॉम विरुद्ध अल्जीरिया (२०१७) प्रकरणात समूहातल्या एका कंपनीने सरकारशी तडजोड केल्यावर वरच्या लक्झेंबर्गच्या कंपनीला तोच वाद चालवता आला नाही. एक चांगला दावेदार निवडा.

निवडल्यावर त्याला जपाही. लोवन विरुद्ध अमेरिका (२००३) प्रकरणात कॅनडाची कंपनी दिवाळखोरीतून बाहेर येताना अमेरिकन कंपनी बनली. दावा वेगळ्या कॅनेडियन कंपनीकडे सोपवून ठेवला होता, पण तिच्याकडे त्या दाव्याशिवाय काहीच नव्हतं. घटनेपासून निकालापर्यंत राष्ट्रीयत्व अखंड हवं, असं म्हणून लवादमंडळाने दावा काढून टाकला. मला हा निकाल कडक वाटतो, आणि इक्सिडच्या कलम २५ मध्ये असा अखंडपणा मागितलेला नाही. तरी दावा चालू असताना समूहाची पुनर्रचना, विक्री किंवा नागरिकत्व बदलणं टाळावं.

एक जाता जाता: राष्ट्रीयत्व लवादमंडळाच्या सदस्यांनाही चिकटतं. इक्सिडच्या कलम ३९ प्रमाणे बहुसंख्य सदस्य यजमान देशाचे किंवा दावेदाराच्या देशाचे असू शकत नाहीत, प्रत्येक सदस्य दोन्ही बाजूंच्या सहमतीने नेमला असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे तीन जणांच्या मंडळात आपल्या देशाचा ओळखीचा वकील नेमायची कल्पना बहुधा सोडून द्यावी लागते.

आता प्रश्नातल्या उद्योजकाकडे वळतो. त्याच्याकडे यजमान देशाचं नागरिकत्व असल्याने इक्सिडचा रस्ता त्याला स्वतःच्या नावाने बंद आहे. दावा दाखल करण्याआधी ते नागरिकत्व कायदेशीरपणे सोडलं तर तारखांची अट पूर्ण होऊ शकते, पण वाद झाल्यावर सोडलेल्या नागरिकत्वाकडे मंडळ संशयानेच बघेल. अन्सिट्रलचा पर्याय दुसऱ्या देशाच्या करारात आहे का आणि तो करार दुहेरी नागरिकांबद्दल काय म्हणतो, ते वाचावं. सगळ्यात भक्कम दावेदार बहुधा होल्डिंग कंपनीच ठरेल, पण तिच्या देशाचा करार असला तरच. शिवाय परवाना रद्द होण्याची चाहूल लागण्याआधी ती तिथे होती आणि शेअर्स तिच्याकडे होते, हे दाखवता यायला हवं. स्थापनेचा दाखला, भागधारकांची नोंदवही तारखांसह, त्या देशातल्या कर विवरणपत्रांच्या प्रती, आणि परवान्याबद्दल सरकारशी झालेला पहिला पत्रव्यवहार: एवढं वकिलाकडे घेऊन गेलात, तर दावा उभा राहतो का ते त्याला बऱ्यापैकी सांगता येईल.